मोटर सोडून आधी डायल काढणाऱ्या काकांना

काका,
सप्रेम नमस्कार.

मशीन चालू झालं. फोन केला असता तर तुम्ही "बरं झालं" म्हणून ठेवून दिला असतात, म्हणून लिहितेय. उघड लिहितेय ते अशासाठी, की जुनं मिलिंग मशीन (फिरत्या कटरने धातू कापणारं) सीएनसी, म्हणजे संगणकाने चालणारं, करायला निघालेल्यांचा पहिला प्रश्न मोटर कुठली घ्यायची हाच असतो. तुम्ही मला त्याचं उत्तर दिलंच नाहीत. पिशवीतून डायल गेज काढलंत, बारीकशी हालचाल काट्यावर दाखवणारं.

जॉब, म्हणजे कापायचा तुकडा, ज्या टेबलावर बांधतात ते सरकवणाऱ्या स्क्रूच्या टोकाला सेंटरचं भोक असतं. त्यात ग्रीस भरून तुम्ही एक छर्रा चिकटवलात, डायलची टीप छर्ऱ्यावर टेकवलीत आणि मला टेबल हाताने मागे-पुढे रेटायला सांगितलंत. काटा हलला. म्हणजे स्क्रू स्वतःच लांबीत सरकत होता. दोष स्क्रूला लांबीत धरून ठेवणाऱ्या, टोकाच्या थ्रस्ट बेअरिंगचा. मग डायल टेबलाला लावून पुन्हा तेच. काटा आणखी हलला, आणि जेवढा जास्त हलला तेवढी ढिलाई स्क्रूवरच्या नटाची. मला तोवर सगळा बॅकलॅश, म्हणजे दिशा बदलताना ढिलाईत वाया जाणारी चाल, एकच आकडा वाटायचा.

नट आवळून भागेल का, याचं उत्तर मशीननेच दिलं. जॉब बहुतेक वेळा टेबलाच्या मधोमध लागतो, त्यामुळे स्क्रूही मधेच जास्त झिजलेला. तिथे बेताचा आवळला की टोकाकडे जाताना टेबल जाम.

कंट्रोलमध्ये आकडा टाकून बॅकलॅश भरून काढायची सोय असते, दिशा बदलली की तेवढं जास्त फिरवतो, हे मी तुम्हाला मोठ्या उत्साहाने सांगितलं होतं. तुम्ही एवढंच विचारलंत, "कटरने टेबल ओढलं तर तुझा आकडा ते धरणार का?" क्लाइंब मिलिंगमध्ये, म्हणजे कटर टेबलाच्या चालीच्याच दिशेने कापतो तेव्हा, तो जॉबला पुढे ओढतो, आणि ढिलाई जेवढी असेल तेवढं टेबल झटक्यात त्याच्यामागे जातं. कटरचा दात जातो, कधी जॉबही. सॉफ्टवेअरला यातलं काही कळत नाही, त्याच्या लेखी टेबल आहे तिथेच आहे. म्हणून जुने स्क्रू निघाले आणि प्रीलोड दिलेल्या, म्हणजे आधीच दाबून ढिलाई काढलेल्या नटाचे बॉल स्क्रू (आट्यांत गोळ्या फिरणारे) आले, टोकाला दोन्हीकडचा रेटा घेणारी अँग्युलर कॉन्टॅक्ट बेअरिंगची जोडी. गिबला, म्हणजे सरकत्या भागांमधली फट बसवणाऱ्या पट्टीला, निळं लावून, उंचवटे हाताने खरवडून तुम्ही जे स्क्रॅपिंग केलंत त्याबद्दल काय लिहू? मी शेजारी उभी राहून बघितलंय, तरी मला ते जमणार नाही.

बॉल स्क्रूचा एक अवगुण तुम्ही आधीच सांगून ठेवलात, त्याचे आभार सगळ्यात जास्त. साधा आट्याचा स्क्रू वजनाखाली अडून राहतो, बॉल स्क्रू उलटा फिरतो. इमर्जन्सी दाबली की मोटरची ताकद जाते, आणि नी, म्हणजे टेबलाला खालून उचलून धरणारा भाग, टेबल-व्हाइससकट खाली. म्हणून झेडच्या, म्हणजे वर-खाली चालीच्या, मोटरला वीज मिळाल्यावर सुटणारा आणि वीज गेली की पकडणारा ब्रेक घेतला. पैसे कुठे वाचवता येतील ते मी शोधत होते. "इथे नाही" हे तुमचे दोन शब्द पुरले. इमर्जन्सीचं बटनही संगणकाला विचारत बसत नाही, सरळ ड्राइव्हची पॉवर तोडतं. चालीच्या टोकाला मशीन थांबवणारे लिमिट स्विच नॉर्मली क्लोज्ड, एरवी वीज वाहती ठेवणारे, म्हणजे वायर तुटली तरी मशीन थांबेल.

या कामाला जुगाड म्हणणारे भेटतात. त्यांना सांगायला एक गोष्ट हाताशी ठेवलीय : अमेरिकेतल्या एमआयटीने १९५२ साली जे पहिलं एनसी (आकड्यांनी चालणारं) मिलिंग मशीन दाखवलं, तेही मुळात सिनसिनाटी कंपनीचं हायड्रो-टेल हे साधं मिलिंग मशीन होतं. त्याच्यावर छिद्रांची पट्टी वाचणारा, व्हॅक्यूम ट्यूबचा कंट्रोल चढवलेला. तिथेही लोखंड तपासणारा कुणी फिटर असणारच, इतिहासात त्याचं नाव नसलं तरी.

माझ्याकडच्या बाजूला फार सांगण्यासारखं नाही. कंट्रोल लिनक्ससीएनसी या सॉफ्टवेअरचा, ते फुकट मिळतं. मोटरला एका फेऱ्याला २००० पल्स (विजेचे ठोके), पट्ट्याने १:२ कमी केलेलं, स्क्रूची पिच ५ मिलिमीटर, म्हणजे मिलिमीटरला ८०० पल्स. एका पल्सला सव्वा मायक्रॉन. हा आकडा ऐकून तुम्ही हसलात आणि म्हणालात, "ही चाल मोटरची. टेबलाची डायलवर बघ." बघितली. मग ॲल्युमिनियमच्या तुकड्यावर एक गोल कापला. जिथे अक्ष दिशा बदलतो त्या चार जागी ढिलाई चपटा डाग किंवा पायरी सोडते. एक्सच्या, डाव्या-उजव्या चालीच्या बाजूला काही नाही. वायच्या, मागे-पुढे चालीच्या बाजूला पायरी नखाला जेमतेम लागते. टेबलाखालच्या सॅडलचा गिब पुन्हा बघावा लागेल.

सर्व्हो मोटरच घ्यायला हव्या होत्या, हे तुमचं नंतरचं म्हणणं मला अजून पटलेलं नाही. साधा स्टेपर, म्हणजे पल्समागे एकेक पाऊल फिरणारी मोटर, पाऊल चुकला तरी गप्प राहतो, हे खरं. पण मी एन्कोडरवाले, म्हणजे मोटर खरी किती फिरली ते कळवणारे, स्टेपर घेतलेत, मोटर मागे पडली की ड्राइव्ह फॉल्ट देऊन थांबते. या मशीनच्या वेगाला तेवढं पुरे.

आणि हो, हँडव्हील काढून टाकली. तुमचा आग्रह ठेवायचा होता, ठाऊक आहे. पण रॅपिडला, म्हणजे टेबल न कापता वेगाने सरकतं तेव्हा, हँडल गरगरतं आणि बाही ओढून घ्यायला त्याला एक क्षण पुरतो. त्याऐवजी हातात धरायचं पल्सचं चाक लावलंय, एका टिकेला एक शतांश मिलिमीटर. येऊन फिरवून बघा. नाहीच आवडलं तर जुनी हँडलं तेल लावून कपाटात ठेवली आहेत, पण मोटरच्या शाफ्टवर ती मी चढवू देणार नाही.

तुमची,
मशीनवाली पुतणी