मी ठीक आहे, नोकरीही ठीक आहे

डब्लिन, रविवार

ती. आप्पा आणि सौ. आईस,
सा. न. वि. वि.

परवा फोन उचलला नाही तो मीटिंगमुळे. रडत नव्हते, आवाज बसलाय तो इथल्या गारठ्याने. बाजरीचं पीठ संपलंय, पण ज्वारीचं अजून आहे.

आप्पा, तुम्ही कात्रण पाठवून विचारलंत, युरोपच्या डिजिटल बाजार कायद्याखाली ॲपलला ५० कोटी युरो अन् फेसबुकवाल्या मेटाला २० कोटी युरो दंड, मग तुझं काय? अहो, ती बातमी एप्रिल २०२५ ची. आणि माझी कंपनी, हा कायदा लागणाऱ्या बड्या कंपन्यांच्या यादीत बसण्याएवढी मोठी नाही. उलट असे कायदे आहेत म्हणून तर मला काम आहे. तेव्हा कंपनी बुडून पोरगी परत येईल असं आईने देवापुढे काही बोलून ठेवलं असेल, तर ते जमायचं नाही.

इथला एक चमत्कारिक प्रकार सांगते. गुगलवर दुकानाचं नाव शोधलं की छोटा नकाशा दिसतो. तिकडे त्यावर बोट ठेवलं की मोठा उघडतो. इथे उघडतच नाही, नुसतं चित्र! लोक मुकाट्याने नकाशाचं ॲप उघडून तोच पत्ता परत टाइप करतात. महिनाभर मला वाटलं, माझाच फोन बिघडलाय. पण ही सगळी त्याच कायद्याची करणी. समजा, लासलगावच्या बाजार समितीचं फाटकच एका व्यापाऱ्याच्या मालकीचं आहे. कुणाचा ट्रॅक्टर आधी आत घ्यायचा ते तोच ठरवणार, आणि आत त्याचाच गाळा. कांदा कुठे वळेल? युरोपने सप्टेंबर २०२३ मध्ये अशा सहा कंपन्या ठरवल्या, त्यात गुगलवालेही. कायद्यातला शब्दही 'द्वारपाल' असाच आहे. मार्च २०२४ पासून त्यांना फाटकाच्या जोरावर स्वतःचा माल पुढे करता येत नाही. केला तर जगभरच्या उलाढालीच्या १० टक्क्यांपर्यंत दंड, पुन्हा केला तर २०. शोधायची जागा नि नकाशा एकाच मालकाचे, म्हणून मधली वाट बंद. छोट्या नकाशावाल्यांचं किती भलं झालं देव जाणे, माझी बोटं मात्र दुखतात.

माझं काम वेगळ्या कायद्याचं, २०१८ पासून लागू झालेल्या जीडीपीआर या खासगी माहितीच्या कायद्याचं. कुणीही कळवतं, माझी माहिती पुसा. महिन्याच्या आत उत्तर द्यावं लागतं. दिवसभर मी अनोळखी लोकांचे पत्ते नि जन्मतारखा पुसत बसते. आणि आई, मावशीने माझा बायोडाटा, रास, उंची, पगारासकट, तीन ग्रुपवर टाकलाय! बेल्जियममधल्या एका नाशिककराने तो मलाच पाठवला, 'स्थळ चांगलं आहे' म्हणून. मावशीला बोलू नकोस. पगाराचा आकडा तेवढा काढायला सांग. तोही जुनाच आहे.

ठिबकच्या हप्त्याचे पैसे गुरुवारी टाकलेत. आजीच्या मोतीबिंदूचे वेगळे, ते दुसरीकडे वळवू नका. दादाला म्हणावं नवा चार्जर आणत नाही, इथे डिसेंबर २०२४ पासून सगळ्या नव्या फोनना टाइप-सीच लागतो, माझाच देईन. पिंपळगावच्या मंडळींना फेब्रुवारीपर्यंत थांबायला सांगा. थांबत नसतील तर नाही म्हणून टाका, मला काही वाटणार नाही.

दिवाळीला जमत नाहीये. तिकीट पाहिलं होतं. तीनदा.

तुमची,
मनी