विज्ञान शिबिरांत दुरुस्तीला वेळ द्या : शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

माननीय शिक्षणमंत्री महोदय,

स. न. वि. वि.

उन्हाळी विज्ञान आणि अभियांत्रिकी शिबिरे वाढवा, असे आपल्याला अनेकजण सांगत असतील. मीही सांगते. पण त्याआधी एक मागणे आहे : त्यांतली भाषणे कमी करा आणि बिघडलेली वस्तू दुरुस्त करायला मुलांना वेळ द्या.

मी विज्ञान शिकवते, सुट्टीत अशा शिबिरांतही असते. काळ्या पट्टीवरून चालणारा छोटा रोबो तिथे हमखास बनतो. त्याचा सेन्सर डोळ्यांना न दिसणारे अवरक्त (इन्फ्रारेड) किरण सोडतो. पांढऱ्या कागदावरून ते परततात, काळ्या पट्टीत बरेचसे शोषले जातात; किती परतले यावरून रोबो पट्टी ओळखतो. एका गटाचा रोबो टेबलावर झकास चालायचा आणि खिडकीजवळ गेला की भरकटायचा. मुलांनी प्रोग्राम तपासला, वायरी बदलल्या, बॅटरी बदलली. मला कारण कळले होते. गप्प राहणे जड जात होते. शेवटी गटातली सर्वांत अबोल मुलगी म्हणाली, "बाई, हा उन्हात गेला की चुकतो." बरोबर! उन्हातही अवरक्त किरण असतात. तिने पुठ्ठ्याची पट्टी कापून सेन्सरभोवती आडोसा केला आणि रोबो सरळ गेला. दुसऱ्या दिवशी ती इतर गटांचे रोबो तपासत होती, तेही कुणी न सांगता.

'मला हे जमेल' हा विश्वास सर्वांत जास्त कशातून येतो, तर स्वतः करून जमल्याच्या अनुभवातून, असे मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बंडुरा यांनी १९७७ मध्ये मांडले. शाबासकीचा नंबर त्यानंतर लागतो. तासभराच्या प्रेरणादायी व्याख्यानाने हे काम होत नाही.

दुसरा मुद्दा निवडीचा. गुणवत्ता यादीतल्या मुलांनाच बोलावायचे, ही पद्धत मला मुळीच पटत नाही. रॉबर्ट टाय आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या आठवीच्या मुलांचा पुढे अनेक वर्षे माग काढलेल्या माहितीवरून २००६ मध्ये 'सायन्स' साप्ताहिकात निष्कर्ष मांडले. पदवीधर झालेल्यांमध्ये, गणितात मध्यम पण विज्ञानात करिअर करीन म्हणणाऱ्यांनी भौतिक विज्ञान किंवा अभियांत्रिकीची पदवी घेण्याची शक्यता ३४ टक्के निघाली. गणितात हुशार पण तसे न म्हणणाऱ्यांची १९ टक्के. हा अभ्यास शिबिरांचा नव्हे, हे खरे. पण त्या वयात मुलाने स्वतःला कुठे पाहिले, याला किती वजन आहे ते त्यातून दिसते. आणि शिबिर नेमके तेच दाखवू शकते.

शेवटच्या दिवशीच्या 'खूप आवडले'च्या फॉर्मवरून यश मोजू नका. बहुतेक मुले आवड घेऊनच आलेली असतात. विषय निवडायची वेळ येईल तेव्हा त्यांना पुन्हा विचारा, आणि शिबिराला न आलेल्यांनाही विचारा.

पुढच्या सुट्टीच्या मार्गदर्शक सूचना निघतील तेव्हा त्यांतून गुणांची अट काढावी आणि रोजचा निम्मा वेळ बनवणे, तपासणे आणि दुरुस्तीसाठी राखून ठेवावा, ही विनंती.

आपली नम्र,
एक विज्ञान शिक्षिका