तेजी त्यांची, उधारी आमची

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच आल्यापासून कोल्हापुरात चहाच्या गाड्यावर दुसरा विषय नाही. १८ ऑगस्ट २०२५ ला सीपीआर दवाखान्यासमोरच्या जुन्या कोर्टाच्या इमारतीत काम सुरू झालं आणि शेंडा पार्क, आर. के. नगर, पाचगाव, मोरेवाडीकडं जागेचे दर लोक तोंडाला येतील तसे सांगू लागले. सहा जिल्ह्यांचे वकील येणार, पक्षकार येणार, त्यांना फ्लॅट लागणार. लागतीलही. बेंचसाठी या शहरानं किती वर्षं आंदोलन केलं ते मी बघितलंय, मलाही आनंदच आहे. पण असली तेजी मी एकदा आतून बघितलीय, म्हणून लिहितोय.

माझा धंदा ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या आणि ग्रिलचा. शिवाजी उद्यमनगरात भाड्याचा गाळा. २०१० नंतरची चार-पाच वर्षं अशी होती की हाताखाली सहा पोरं असूनही काम उरकत नव्हतं. महापालिका १९७२ ला झाली, हद्द तेवढीच राहिली, त्यामुळं शहर वाढलं ते वेशीबाहेर. पाचगाव-कळंब्याकडं काल ऊस होता तिथं आज स्लॅब, असं चाललेलं. माल शब्दावर जायचा आणि बिल पंधरा दिवसांत मिळायचं.

नोव्हेंबर २०१६ ला नोटाबंदी, मे २०१७ ला रेरा, म्हणजे घर घेणाऱ्यांसाठी बिल्डरांना लगाम घालणारा कायदा, जुलैत जीएसटी. आठ महिन्यांत तीन दणके. रेराबद्दल तक्रार नाही, तो यायलाच हवा होता. पण बुकिंग थंडावलं की बिल्डर पहिल्यांदा कुणाचे पैसे थांबवतो, हे पेपरात कधी छापून येत नाही. सिमेंटवाला, सळीवाला रोख घेतल्याशिवाय गाडी उतरू देत नाही. बँक हप्ता सोडत नाही. गवंडी-बिगाऱ्यांचा शनिवारचा पगार चुकला तर सोमवारी साइटवर कुत्रं फिरकत नाही. राहिलो आम्ही: ग्रिलवाला, फरशीवाला, प्लंबर, रंगारी. आमचं काम शेवटाला येतं आणि एकदा भिंतीत बसलं की परत नेता येत नाही.

पाचगावकडच्या एका इमारतीचं काम मी २०१९ च्या उन्हाळ्यात घेतलं. २४ फ्लॅट. ऑगस्टात महापूर आला. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्याला धोक्याची पातळी ४३ फूट, पाणी ५५ च्या वर गेलं. शिरोलीजवळ हायवे बंद, पुण्याहून येणारं सेक्शन, म्हणजे खिडक्यांच्या ॲल्युमिनियम पट्ट्या, वाटेत अडकलं. बिल्डर मात्र खूश. फ्लॅट बघायला येणारा प्रत्येक जण पहिलं विचारायचा, इथं पाणी कुठवर आलं होतं? पाचगाव उंचावर. "पुरानं आपलं भलं केलं," हे त्याचं वाक्य मी कानानं ऐकलंय. शहरात लोक तेव्हा घरातला गाळ उपसत होते. दिवाळीपर्यंत मी सगळ्या खिडक्या बसवून दिल्या. मार्चमध्ये लॉकडाऊन लागलं, बुकिंग केलेल्यांनी हप्ते थांबवले, साइट बंद पडली.

माझं बिल ९ लाख ६० हजारांचं. त्यावर १८ टक्के जीएसटी, १ लाख ७२ हजार ८००. मिळाले ३ लाख. जीएसटीचा नियम असा की बिल फाडलं की कर भरायचा, पैसे मिळोत न मिळोत. मालावर दिलेला कर वजा जाऊन उरलेला मी खिशातून भरला. न मिळालेल्या पैशांवर कर भरायचा म्हणजे जेवण न मिळालेल्या लग्नात आहेर करण्यासारखं आहे.

पैशांचा तगादा लावला तेव्हा बिल्डर म्हणाला, "फ्लॅट घे." आमच्या धंद्यात हे नवीन नाही. उद्यमनगर-लक्ष्मीपुरीत शोधलं तर बिलात मिळालेल्या फ्लॅटचे बरेच मालक सापडतील. तिसऱ्या मजल्यावरचा वन बीएचके त्यानं १६ लाखांना धरला. माझी बाकी ८ लाख ३२ हजार ८००. म्हणजे वरचे साडेसात लाखांहून जास्त मीच त्याला देणं लागत होतो! शंभराच्या स्टॅम्पवर साठेखत झालं. नोंदणी नाही. नोंदवायचं तर मुद्रांक शुल्क पुन्हा मीच भरायचं.

परवा जाऊन बघून आलो. लिफ्टच्या खड्ड्यात पावसाचं पाणी साचलेलं, जिन्याला कठडा नाही. हॉलच्या खिडक्यांची शटरं भुरट्यांनी ट्रॅकमधून उचलून नेली होती. ॲल्युमिनियमला भंगारात भाव आहे. ग्रिल तेवढं जागेवर होतं, कारण होल्डफास्ट, म्हणजे ग्रिल धरून ठेवणारी लोखंडी पट्टी, मी स्वतः भिंतीत चांगला खोल घेतला होता. रेडऑक्साइडचा हातसुद्धा टिकलाय. मागच्या खोलीत ट्रॅकमध्ये पारव्यानं काड्या आणून घरटं केलंय. त्या इमारतीत राहायला आलेलं कुटुंब तेवढं एकच.

ज्यांनी फ्लॅट बुक केले त्यांना महारेरा, म्हणजे रेराचं राज्यातलं प्राधिकरण, आहे. तक्रार करता येते, वसुलीचा आदेश निघाला की महसुली थकबाकीसारखी वसुली होऊ शकते. ती किती रखडते हे त्या लोकांनाच विचारा, पण जायला दार तरी आहे. आमच्यासाठीही कायदा आहे म्हणतात, लघुउद्योगाचं बिल ४५ दिवसांत द्यायचा, तोही २००६ पासून. पण एकदा तक्रारीच्या कागदावर सही केली की कोल्हापुरात दुसरा बिल्डर दारात उभा करील का? इथं सगळे एकमेकांचे पाहुणे.

माझं म्हणणं एवढंच. रेराच्या नियमात ग्राहकांच्या पैशातले ७० टक्के जमीन आणि बांधकामासाठी वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात. त्यातून रक्कम काढायला आर्किटेक्ट, इंजिनिअर आणि सीए अशा तिघांचे दाखले लागतात, काम किती झालं त्याचे. त्यात दारं-खिडक्या किती टक्के झाल्या याचाही रकाना आहे. म्हणजे मी बसवलेली खिडकी दाखवून पैसे काढता येतात. मग त्या तीन दाखल्यांना चौथा कागद जोडायला लावा: ज्याचं काम दाखवलं त्याला पैसे पोचल्याची पावती. यानं बिल्डर बुडणार नाही. चांगले बिल्डर या शहरात आहेत, पैसे न बुडवणारी माझी दोन गिऱ्हाईकं अजून आहेत, त्यांना तर ही पावती द्यायला काहीच जड नाही.

गेल्या आठवड्यात शेंडा पार्काकडच्या एका नव्या कामाची विचारणा आली. मी निम्मे पैसे आगाऊ मागितले. फोन ठेवला गेला. ते काम आता माझ्याकडंच शिकलेल्या एका पोरानं घेतलंय, कर्ज काढून कटिंग मशीन आणलंय. त्याला म्हटलं, जपून. तो म्हणाला, "मामा, सुरुवातीला उधारी द्यायलाच लागते."

बेंचमुळं घरांना मागणी कशी वाढणार यावर आपण बातम्या छापता, जरूर छापा. त्यासाठी महारेराच्या कुणाशी बोलणं झालं तर माझ्या वतीनं एवढं विचारा, खिडक्यांच्या नावानं खात्यातून निघालेले पैसे खिडकीवाल्याला पोचले का, हे कोण बघतं?

आपला,
एक ग्रिलवाला,
शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर