हळू शिकणाऱ्या मुलांमुळे वर्ग मागे पडतो, हे खरं नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

काही दिवसांमागे तुमच्या याच सदरात एका पालकांचं पत्र वाचलं. हळू शिकणारी आणि दिव्यांग मुलं साध्या वर्गात बसवली की बाकीच्यांचा अभ्यास मागे पडतो, त्यांना वेगळ्या शाळेत घालावं असं त्यांचं म्हणणं. राग नाही आला, आपल्या मुलाची काळजी सगळ्याच आईबापांना असते, पण मी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात सरकारी मराठी प्राथमिक शाळेत शिकवते आणि इतकी वर्षं वर्गात जे बघतेय ते याच्या अगदी उलट आहे, म्हणून लिहिते.

आमच्या भागातल्या बऱ्याच शाळा एकशिक्षकी. म्हणजे एकाच खोलीत पहिलीवाले अक्षरं गिरवतायत, पलीकडे चौथीचे भागाकार करतायत, आणि टीचर एकच. तिथे सगळ्यांना एकच धडा एकाच वेळी असं चालतच नाही, तिसरीतली पोर पहिलीतल्याला वाचून दाखवते आणि त्यात तिचंही वाचन पक्कं होतं. मग चार इयत्ता एकत्र सांभाळणाऱ्या टीचरला वेगळ्या पद्धतीने शिकणारं एक मूल जड का व्हावं? माझं तत्त्व म्हणाल तर एवढंच, मूल या वर्गात बसणार हे आधी ठरलं, त्याला कसं शिकवायचं ते त्यानंतर शोधायचं. हा क्रम उलटा केला की मग 'हे मूल आमच्याकडे जमणार नाही' असं बोलायला फार वेळ लागत नाही.

वाचता येत नसलं की पोराला लगेच आळशी म्हणून मोकळे होतात. अहो आपली लिपी तर बघा! घ आणि ध, भ आणि म, थ आणि य किती सारखे दिसतात. पहिली वेलांटी लिहायची अक्षराच्या आधी आणि वाचायची अक्षराच्या नंतर. र तर 'क्रम' मध्ये खाली, 'सूर्य' मध्ये डोक्यावर, 'ट्रक' मध्ये आणखी निराळा आणि 'दुसऱ्या' मध्ये चौथाच. डिस्लेक्सिया असलेल्या, म्हणजे हुशार असूनही अक्षरं ओळखून वाचणं-लिहिणं जड जाणाऱ्या मुलासमोर हे सगळं एकदम आलं तर ते गोंधळणारच. म्हणून मी घ आणि ध एका आठवड्यात शिकवतच नाही, घ पुरता बसला, डोळे मिटून वाळूत काढता आला की मग ध. वाचताना पुठ्ठ्याला खाच पाडून एकावेळी एकच ओळ दिसेल असं करते, आणि उत्तर तोंडी दिलं तरी ते उत्तरच धरते. आकड्यांचंही तसंच, 'पंचवीस' ऐकलं की आधी पाच कानावर येतो आणि पोर 52 लिहितं, तिथे ओरडून काय होणार, दहा-दहा चिंचोक्यांच्या पुड्या बांधून हातात द्यायच्या, वीस म्हणजे दोन पुड्या आणि वर पाच सुटे. हे सगळं एका मुलासाठी सुरू केलं तरी फायदा अख्ख्या वर्गाला होतो, त्या पालकांनी हे लक्षात घ्यावं असं मला मनापासून वाटतं.

आणि दरवेळी काही मोठं करावं लागतं असंही नाही. जूनमध्ये पत्र्यावर पाऊस कोसळायला लागला की कमी ऐकू येणाऱ्या मुलाला वर्गातलं जवळजवळ काहीच कळत नाही, तेव्हा फळ्याकडे तोंड करून न बोलता त्याच्याकडे बघून बोलायचं आणि मुख्य शब्द लिहून ठेवायचे. घंटेच्या आवाजाने कानावर हात ठेवणाऱ्या स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलाला घंटा वाजायच्या आधी सांगून ठेवलं तरी बराच फरक पडतो.

एक गोष्ट मात्र फार खटकते. आमच्याकडे बहुतेक मुलं घरी कोंकणी बोलतात, काहींच्या घरी कन्नड नाहीतर लमाणी, आणि शाळेत आली की पुस्तक मराठीत. असं पोर पहिले काही महिने गप्प बसलं की त्याला 'मंद' म्हणतात. त्याला भाषा नवीन आहे की खरोखर काही अडचण आहे हे बघायचं तर आधी त्याच्या घरच्या भाषेत बोलून बघायला नको का? कन्नड येत नसेल तर त्याच्या ताईला बोलवा, आईला बोलवा. एकदा लागलेला शिक्का पोराच्या मनातून सहज जात नाही.

कायद्याचं म्हणाल तर 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात दिव्यांगत्वाचे 21 प्रकार आहेत आणि त्यात अध्ययन अक्षमताही, म्हणजे डिस्लेक्सियासारखी शिकण्यातली अडचणही येते. 40 टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्या मुलाला 6 ते 18 वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे, तेही जवळच्या शाळेत की विशेष शाळेत हे ज्याचं त्याने निवडायचं. म्हणजे 'वेगळ्या शाळेत घाला' हे दुसऱ्या कुणी ठरवायचंच नाही. सुप्रीम कोर्टाने 2021 मध्ये विशेष शिक्षकांबद्दल सांगितलं, प्राथमिकला अशा 10 मुलांमागे एक आणि वरच्या वर्गांना 15 मागे एक. पणजीत 2023 पासून पर्पल फेस्ट हा दिव्यांगांचा महोत्सव होतो, मला त्याचा अभिमान आहे, पण खेड्यातल्या वर्गापर्यंत मदत रोजच्या रोज पोचली पाहिजे. रिसोर्स टीचर, म्हणजे दिव्यांग मुलांसाठीच्या खास शिक्षिका, शाळेत येतात आणि अशा मुलाला बाजूला नेऊन शिकवतात, त्यापेक्षा वर्गात आमच्या शेजारी बसून आम्हाला दाखवलं तर त्या गेल्यावरही काम चालू राहील. आणि अध्ययन अक्षमतेची तपासणी दुसरीतच व्हावी. नववी-दहावीत जादा वेळ आणि लेखनिक मिळावा म्हणून सर्टिफिकेटसाठी धावाधाव होते, तोपर्यंत पोराने स्वतःला ढ समजून इतकी वर्षं घालवलेली असतात.

त्या पालकांना एक विनंती. तुमच्या मुलाच्या वर्गात असं मूल असेल तर त्याच्या आईला एकदा भेटा, रोज सकाळी त्याला शाळेत पोचवेपर्यंत ती काय काय करते ते विचारा, आणि पालक-शिक्षक संघाच्या पुढच्या मीटिंगला रिसोर्स टीचर आठवड्यातून किती दिवस येतात हा प्रश्न तुम्हीच उठून विचारा.

आपली,
एक प्राथमिक शिक्षिका, सत्तरी