ज्येष्ठमधाची काडी आणि बीपीची गोळी

मा. संपादक,
सा.न.वि.वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत घरगुती उपायांचं जे सदर येतं ना, त्याची कात्रणं मी कितीतरी वर्षांपासून काढून ठेवतेय, त्यामुळे मी काढे-चूर्णांवर डूख धरून बसलेली बाई आहे असं कृपा करून समजू नका. ओवा, सुंठ, बाळहिरडा, सगळं माझ्या डब्यात आहे. पण मागच्या महिन्यात "घसा बसला की ज्येष्ठमध चघळा, नैसर्गिक आहे, कितीही चालतं" असं छापून आलं, तेव्हा मात्र राहवलं नाही.

आमच्याच घरातलं सांगते. ह्यांचं वय ७१, बीपीची एक गोळी दहा वर्षं चालू, १३०/८० च्या आसपास अगदी शांत गाडी. दिवाळीनंतर खोकला लागला, कोणीतरी मुलैठी, म्हणजे ज्येष्ठमधच, सांगितली, ह्यांनी इथल्या सियागंज बाजारातून सरळ पाव किलो आणली (तिथे ज्येष्ठमध म्हटलं तर दुकानदार तोंडाकडे बघतो). खोकला आठ दिवसांत गेला पण काडी काही गेली नाही. सकाळी फिरायला जाताना खिशात, दुपारी पेपर वाचताना दाढेखाली, संध्याकाळी काढ्यात. गोड लागते, शिवाय तिच्यापायी सुपारी सुटली म्हणून मी पण खूषच होते.

जानेवारीत बीपी १६८/९६. डॉक्टरांनी दुसरी गोळी वाढवली, लघवीची. मग पायात गोळे यायला लागले, रात्री उठून बसायचे, जिना चढताना मांड्या भरून यायच्या. बीपी तसंच, म्हणून तिसरी गोळी. दर वेळेला पाच मिनिटं, मशीन लावलं, आकडा बघितला, चिठ्ठी लिहिली, नेक्स्ट. शेवटी मुलगा पुण्याहून आला आणि दुसरीकडे घेऊन गेला, तिथल्या डॉक्टरीणबाई वयाने अगदी लहान, आमच्या पुतणीएवढ्या. त्यांनी रक्तातलं पोटॅशियम तपासलं तर २.९ निघालं, ते साडेतीनच्या वर हवं. मग विचारलं, काका, ह्या गोळ्या सोडून दिवसभरात आणखी काय काय पोटात जातं? हे म्हणाले, काही नाही. मी म्हटलं, अहो, ती काडी! खिशातून काढून टेबलावर ठेवली तशी त्यांनी कपाळाला हातच लावला.

त्यांनी समजावलं ते मला कळलं तसं लिहिते. ज्येष्ठमधात ग्लायसिरायझिन नावाचं द्रव्य असतं, गोडी त्याचीच. आपल्या किडनीत एक एन्झाइम शरीरातल्या कॉर्टिसोल नावाच्या हार्मोनला आवरून धरतं, ते ह्या द्रव्याने थंड पडतं, मग मोकळ्या सुटलेल्या कॉर्टिसोलमुळे किडनी मीठ-पाणी धरून ठेवते आणि पोटॅशियम बाहेर टाकते, म्हणजे बीपी वर आणि पायात गोळे. त्यात ती लघवीची गोळी पण पोटॅशियम घालवणारीच, म्हणजे दोन्हीकडून गळती. काडी बंद केली, पोटॅशियमचं औषध काही दिवस दिलं, तीन-चार आठवड्यांत बीपी जागेवर आलं आणि वाढवलेल्या दोन्ही गोळ्या सुटल्या. दोन-चार दिवस घशासाठी घेतली असती तर काही झालं नसतं हेही त्याच म्हणाल्या. पण ह्यांनी तर अडीच महिने तिचा रतीब लावला होता!

आता ह्यात मला सगळ्यात खटकलं ते असं की ह्यांनी लपवलं नव्हतं हो. काडी हे औषध आहे असं त्यांच्या डोक्यातच नव्हतं. आणि पहिल्या डॉक्टरांनी विचारलं नाही. विचारलं असतं तरी आम्ही सांगितलं असतं का, शंकाच आहे, कारण काढ्याचं नाव काढलं की काही डॉक्टर असे बघतात की माणूस परत तोंड उघडत नाही. उलट वैद्य अर्धा तास नाडी धरून झोप, भूक, सुनेशी पटतं का, सगळं विचारतो, मग माणूस तिकडे जाणारच ना. आणि खर्च आहेच. जनऔषधी केंद्रात तीच गोळी कितीतरी स्वस्त मिळते, पण आमच्या कॉलनीत अजून निम्म्या लोकांना तिथे जायचा भरवसा वाटत नाही, आणि चारशे रुपयांचं "शुगर चूर्ण" मात्र डोळे मिटून घेतात.

बागेतल्या ग्रुपचं वेगळंच. सकाळी कचरागाडीचं गाणं वाजायच्या आत ह्यांच्या मित्रांचा दुधीचा रस पिऊन झालेला असतो. एकदा एकाने कडू लागला तरी "कडू म्हणजे गुणकारी" म्हणत संपवला, नशीब उलटीवर निभावलं. दुधी कडू असेल तर त्यात कुकुरबिटासिन नावाचं विष असतं, २०१० मध्ये दिल्लीत एकाचा दुधी-कारल्याचा रस पिऊन जीव गेला, नंतर आयसीएमआरने, म्हणजे वैद्यकीय संशोधनाच्या सरकारी संस्थेने, तज्ज्ञांची कमिटी बसवली. तिने सांगितलं की आधी एक फोड चाखून बघा, कडू असेल तर फेकून द्या, रसात दुसरा रस मिसळू नका, आणि पिऊन त्रास झाला तर तडक हॉस्पिटल गाठा. कारलं घातलं तर कडू दुधी ओळखणार तरी कसा? हेच लोक वर म्हणतात इंग्रजी औषधं केमिकल. अहो, बीपीची पहिली मोठी गोळी आपल्या सर्पगंधेतून आलीय! मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी पेशंटांना मुळी देऊन बीपी मोजलं, लिहून ठेवलं आणि १९४९ साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये छापलं, मग १९५२ मध्ये तिच्यातून रेसर्पिन नावाचं औषधी द्रव्य वेगळं काढलं. त्याने काहींचं मन फार उदास व्हायचं हेही त्या मोजण्या-लिहिण्यातूनच कळलं. आणि नैसर्गिकच म्हणायचं तर आपल्या नीमच-मंदसौरकडे अश्वगंधा पिकते तशी अफूही पिकतेच की.

तुमच्या पेपरची पण एक तक्रार आहे, राग मानू नका. आरोग्याच्या पानावर खाली "डायबिटीस मुळापासून, गोळ्या कायमच्या बंद" अशी जाहिरात येते. १९५४ चा औषधं आणि जादूई उपचारांच्या जाहिरातींचा कायदा आहे, त्याच्या यादीत ५४ आजार-तक्रारी आहेत, डायबिटीस आहे, बीपी आहे, त्या बऱ्या करून देतो अशी जाहिरात करायलाच बंदी आहे. वर उपायांचं सदर आणि खाली ही जाहिरात, वाचणाऱ्याला दोन्ही तुम्हीच सांगताय असं वाटतं.

पुढच्या रविवारी मेथीदाण्यांवर लेख आहे असं वाचलं. मेथीने साखर थोडी उतरते हे खरं, पण आमच्या कॉलनीत घरटी एक जण शुगरच्या गोळीवर आहे, दोन्ही मिळून साखर फार खाली गेली तर माणूस घामाघूम होऊन चक्कर येऊन पडतो. तेव्हा रोज किती आणि कोणी डॉक्टरला विचारल्याशिवाय घेऊ नये, एवढं मोठ्या अक्षरात छापाल का? बारीक अक्षर ह्यांना दिसत नाही.

आपली,
सुदामा नगरची एक वाचक, इंदूर