‘समजलं ना काका?’

मा. संपादक,
स. न. वि. वि.

इन्सुलिनच्या सिरिंजचे टोपण लाल असते तसे नारिंगीही असते, हे मला वयाच्या ६७व्या वर्षी कळले. तेही यजमानांच्या जिवावर बेतता बेतता, म्हणून हे पत्र.

मार्चमध्ये यजमान पायाच्या जखमेसाठी शहरातल्या एका रुग्णालयात आठ दिवस होते. उपचार उत्तम झाले, त्याबद्दल तक्रार नाही. घरी सोडायच्या दिवशी सकाळी ११ वाजता डॉक्टर ‘आज जा’ म्हणाले आणि विम्याची मंजुरी यायला संध्याकाळचे पाच वाजले. हे सहा तास यजमान कपडे बदलून खाटेवर बसून होते, मी बिलाच्या खिडकीशी. मंजुरी आली आणि एकदम घाई उडाली, कारण त्याच खाटेसाठी दुसरा रुग्ण खाली थांबला होता. सिस्टरने सलाईनची सुई काढता काढता सांगून टाकले, ‘इन्सुलिन सकाळी वीस, खाण्याआधी अर्धा तास, जागा बदलत राहा, बाटली फ्रिजमध्ये ठेवा पण बर्फाच्या कप्प्यात नको, समजलं ना काका?’ काका ‘हो’ म्हणाले.

मी ३१ वर्षे शाळेत शिकवले. ‘समजलं ना?’ विचारले की वर्गातून ‘हो बाई’ याखेरीज काही येत नाही, आणि ज्याच्या डोक्यावरून सगळे गेलेले असते त्याचा ‘हो’ सर्वांत मोठा.

कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून मीच सिरिंज आणल्या, नारिंगी टोपणाच्या. आपल्याकडे बाटलीतले इन्सुलिन बहुधा एका मिलिलिटरला ४० युनिट असते, त्याची सिरिंज लाल टोपणाची. नारिंगी टोपणाची सिरिंज १०० युनिटच्या औषधासाठी. चुकीची जोडी जमली, की नारिंगीवर २०च्या रेघेपर्यंत भरूनही अंगात जातात आठच युनिट. ते आठ यजमान रोज इमानेइतबारे घेत होते. चौथ्या दिवशी साखर ३४० निघाली. डॉक्टरांनी फोनवर डोस २८ केला. कागदावरचे वीस कमी पडतात असेच त्यांना दिसणार.

त्याच संध्याकाळी खालच्या मजल्यावरच्या ताई सहज भेटायला आल्या. त्या निवृत्त परिचारिका. मधुमेहाबद्दल अक्षर न काढता यजमानांचे मनगट धरून गप्पा मारत बसल्या. इतका वेळ कसली नाडी बघतात, असे मला वाटले. नंतर त्यांनीच सांगितले, नाडी केव्हाच मोजून झाली होती, श्वास मोजत होते. सांगून मोजला की माणूस मुद्दाम नीट श्वास घेतो, आकडा चुकतो! मग घोट्यावर अंगठा दाबून सूज पाहिली, पायाच्या बोटांच्या बेचक्या पाहिल्या. आणि म्हणाल्या, ‘काका, उद्याचं इन्सुलिन कसं भरणार ते करून दाखवा. टोचायचं नाही, नुसतं भरा.’

काकांनी सिरिंज हातभर लांब धरली. मोतीबिंदूमुळे रेघा दिसत नव्हत्या, अंदाजाने भरत होते. पोटावर सगळ्या टोचण्याच्या खुणा एका रुपयाच्या नाण्याखाली झाकतील इतक्या जवळ. ‘जागा बदला’ म्हणजे एक दिवस सोफ्यावर आणि एक दिवस पलंगावर बसून घ्यायचे, असा त्यांचा समज. आणि टोपण नारिंगी.

ताईंनी लगेच लाल टोपणाची सिरिंज आणायला पाठवले नाही, हे मला फार महत्त्वाचे वाटते. आधी डॉक्टरांना फोन लावायला सांगितला. आतापर्यंत जात होते आठ, नव्या डोसने योग्य सिरिंज वापरली असती तर दुसऱ्या दिवशी एकदम खरे अठ्ठावीस गेले असते. डॉक्टरांनी डोस परत वीसवर आणला. मग ताईंनी साखर घसरल्याची लक्षणे आमच्या दोघांकडून वदवून घेतली. हात थरथरणे, घाम, एकदम भूक लागणे. मोजून ७०च्या खाली आली तर तीन चमचे साखर पाण्यातून, १५ मिनिटांनी पुन्हा मोजायचे. ‘घाम तर पुण्यात सध्या सगळ्यांनाच येतोय,’ यजमान म्हणाले. ‘पंख्याखाली बसून थंड घाम आला तर मला हाक मारा,’ ताई म्हणाल्या.

रुग्णाला काय दिसते, काय जमते आणि तो काय समजून बसला आहे, हे आधी पाहायचे आणि मग त्याला शिकवायचे, ही विद्या आहे. बीएस्सी नर्सिंगला चार वर्षे लागतात ती काही नुसती सुई टोचायला शिकायला नव्हे. याच पुण्यात १९०९ साली सुरू झालेल्या रमाबाई रानड्यांच्या सेवासदनाने पुढे ससूनच्या मदतीने मुलींना परिचारिकेचे शिक्षण दिले, तेही चांगल्या घरच्या बायकांनी हे काम करू नये असे लोक म्हणत तेव्हा. आज आपण तसे म्हणत नाही. पण सिस्टर दिसली की सलाईन संपल्याचे सांगतो, दुसरे काही तिला विचारत नाही.

रुग्णालयातल्या त्या सिस्टरवर माझा राग नाही. दुपारी १७ खाटांना ती एकटी होती, मी मोजल्या. भारतीय परिचर्या परिषदेचा निकष साध्या वॉर्डात पाच रुग्णांमागे एक परिचारिका असा आहे, वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात तर तिघांमागे एक. तो पाळला जाईल तेव्हा जाईल. पण आठही दिवस यजमानांना इन्सुलिन सिस्टरच्या हातून मिळाले. शेवटचे दोन दिवस तिच्या देखत त्यांनीच भरले असते, तर मोतीबिंदू वॉर्डातच कळला असता आणि वेळही तितकाच लागला असता. फाइलमध्ये ताप, नाडी, बीपीचे रकाने असतात, त्यांच्या शेजारी ‘रुग्णाने स्वतः करून दाखवले’ असा एक रकाना आणि सही एवढे रुग्णालयांनी करावे. आणि जे सांगायचे ते मंजुरीची वाट पाहण्याच्या सहा तासांत सांगावे, नातेवाइकाला शेजारी बसवून.

त्यात माझीही चूक आहेच. ज्या तीन मिनिटांत यजमानांना शिकवले गेले, त्या वेळी मी खाली पावती घेत होते. जूनमध्ये त्यांचे मोतीबिंदूचे ऑपरेशन आहे. तोवर इन्सुलिन मी भरते. डोळ्यांत थेंब घालायचे शिकवतील तेव्हा मी खाटेपाशी असेन; बिलाच्या खिडकीशी मुलाला उभा करणार आहे.

आपली,
एक वाचक, कर्वेनगर, पुणे