सिंगापूरच्या फौजेत जाणाऱ्या तुमच्या नातवाविषयी

सिंगापूर

आदरणीय बाबा आणि आई यांना सप्रेम जयभीम.

रविवारी फोनवर आईने विचारले की, कुठे लढाई पेटलेली नाही, पोराने भारताचे नागरिकत्वही सोडलेले नाही, मग त्याने परक्या मुलखाच्या फौजेत उमेदीची दोन वर्षे कशासाठी घालवायची? हा प्रश्न फोनवर उरकण्यासारखा नव्हता, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

आधी नियम सांगते. आम्ही दोघांनी इथे कायम वास्तव्याचा परवाना घेतला तेव्हा आमच्या पिढीला सैनिकी सेवेतून सूट होती. मात्र आईवडिलांच्या परवान्यावर इथे वाढलेल्या मुलग्याला ती सेवा नागरिकाइतकीच बंधनकारक असते. परवाना सोडून देऊन ती टाळता येते, पण मग पुढे शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी इथे परतायचे झाल्यास ती गोष्ट आडवी येते. तुमच्या नातवाने दोन्ही बाजू समजून घेतल्या आणि जायचे ठरवले. आम्ही त्याला भरीस घातलेले नाही.

या देशाने सक्ती का स्वीकारली, हे समजण्यासाठी मागे जावे लागते. १५ फेब्रुवारी १९४२ रोजी ब्रिटिश फौजेने इथे जपान्यांपुढे शस्त्रे खाली ठेवली. हजारो हिंदी सैनिक कैद झाले आणि त्यांच्यातूनच पुढे आझाद हिंद सेना उभी राहिली. आपले रक्षण दुसरा कोणी करील या भरवशावर राहिलो की काय होते, हे इथल्या लोकांनी तेव्हा भोगले, आणि आजही त्या तारखेला शाळाशाळांतून मुलांना ते सांगितले जाते. तरीही सक्ती इथे सहजासहजी रुजलेली नाही. १९५४ मध्ये ब्रिटिशांनी तरुणांची नावनोंदणी सुरू केली तेव्हा चिनी शाळांतले विद्यार्थी रस्त्यावर उतरले आणि त्यांची पोलिसांशी झटापट झाली, कारण परक्या सत्तेसाठी मरायला कोणी तयार नव्हते. चांगल्या लोखंडाचे खिळे करत नाहीत आणि चांगल्या माणसाचा शिपाई करत नाहीत, अशी चिनी लोकांत जुनी म्हणच आहे. १९६५ मध्ये मलेशियापासून वेगळे झालेल्या या बेटाकडे पायदळाच्या जेमतेम दोन पलटणी होत्या, आणि १९६७ मध्ये सक्तीच्या सेवेचा कायदा झाला तेव्हा ब्रिटिश फौजही काढता पाय घेण्याच्या तयारीत होती. राज्य आपले आहे असे वाटू लागल्यावर त्याच समाजाने तीच सक्ती मान्य केली, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते.

आज त्या सेवेची छाप घराघरावर आहे. अठरा वर्षांची मुले सैनिकी प्रशिक्षणासाठी टेकाँग नावाच्या बेटावर जातात. कारखानदाराचा मुलगा आणि टॅक्सीचालकाचा मुलगा एकाच खोलीत झोपतात, एकाच रांगेत जेवतात. मुली थेट विद्यापीठात जातात, त्यामुळे त्यांच्या वयाचे मुलगे शिक्षणात आणि नोकरीत दोन वर्षे मागे असतात. दोन वर्षांनीही सुटका होत नाही, कारण पुढे राखीव सैनिक म्हणून वर्षाला जास्तीत जास्त ४० दिवसांपर्यंत बोलावणे येऊ शकते आणि मालकाला माणूस सोडावाच लागतो. आमच्यासारख्या बाहेरून आलेल्यांविषयी इथल्या लोकांच्या मनात जी अढी आहे तिचे एक मूळ यातच आहे. आमची मुले चिखलात सरपटतात आणि तुम्ही त्या काळात बढत्या मिळवता, असे ते म्हणतात, आणि त्यांचे म्हणणे मला खोटे वाटत नाही.

बाबा, आता जे लिहिते ते तुमच्या लगेच ध्यानात येईल. सेवा सर्वांसाठी असे कायदा म्हणत असताना, सुरुवातीची कितीतरी वर्षे मलय मुलांना बहुतांशी बोलावलेच गेले नाही. शेजारची दोन्ही मोठी राष्ट्रे मलय वंशाची, तेव्हा यांच्या निष्ठेचा भरवसा काय, हा संशय त्यामागे होता. पण त्याचा परिणाम छावणीपुरता राहिला नाही. सेवा पूर्ण केल्याचा किंवा त्यातून सूट मिळाल्याचा कागद हाती नसलेल्या मुलाला नोकरी द्यायला मालक कचरत, आणि तो समाज आणखी मागे पडला. १९८०च्या दशकात हे चित्र बदलू लागले. हे वाचताना मला आपलाच इतिहास आठवत होता. रामजी सुभेदार लष्करात होते आणि लष्करी शाळेत शिकवत होते, म्हणूनच बाबासाहेबांच्या घरात अक्षर आधीच पोहोचलेले होते. महार सैनिकांच्या मुलांना त्या छावण्यांनी जे शिक्षण दिले ते गावाने कधीही दिले नसते. १८९२च्या सुमारास आपली भरती बंद झाली तेव्हा नोकऱ्यांबरोबर शाळेची ती वाटही बुजली. निवृत्त सैनिक गोपाळ बाबा वलंगकरांनी ती भरती पुन्हा सुरू व्हावी म्हणून १८९४ मध्ये अर्ज लिहिला. पहिल्या महायुद्धात उभी केलेली १११वी महार पलटण युद्ध संपताच काही वर्षांत मोडली गेली. आणि १९४१ मध्ये महार रेजिमेंट उभी राहिली तेव्हा कुठे आपल्या आजोबांना वर्दी मिळाली. त्या पगारावर तुमची शाळा झाली, आणि मी आज इथे आहे तीही त्यामुळेच. राज्य कोणाच्या हाती बंदूक द्यायला तयार आहे, यावरून ते कोणाला आपले मानते हे कळते, असे माझे मत आहे.

याचा अर्थ सक्तीत सारे भलेच आहे असे मी म्हणत नाही. सरावात तरुणांचे प्राण गेले आहेत. २०१९ मध्ये इथला एक लोकप्रिय अभिनेता राखीव सैनिक म्हणून न्यूझीलंडला गेला आणि तोफेच्या दुरुस्तीत जखमी होऊन वारला. पण त्यानंतर साऱ्या देशाने जाब विचारला आणि सैन्याला सरावाचा वेग कमी करावा लागला. आपल्याकडे सैन्य स्वेच्छेचे आहे याचा मला अभिमान आहे, तरी ती स्वेच्छा बहुतेकदा गरजेतून येते. कामठीची छावणी नागपूरच्या उशाशी असूनही तिथल्या धरमपेठेसारख्या सुखवस्तू वस्तीतल्या किती घरांतून कोणी फौजेत गेले आहे? २०२२ पासून अग्निपथ योजनेत चार वर्षांनी फार तर २५ टक्के जवान कायम होतात. उरलेल्यांच्या भवितव्याची चर्चा त्यांच्या गावात जितकी होते तितकी आपल्या शहरात होत नाही. ज्या घरांतून कोणीच जात नाही त्यांना युद्धाची भाषा फार सोपी वाटते, आणि ते मला खटकते.

आईसाठी एवढेच की, सुरुवातीचे काही दिवस सोडले तर शनिवार-रविवारी त्याला बहुधा घरी येता येईल, आणि जेवणात शाकाहारी ताटही असते. पहिल्या दिवशी पालकांना बेटावर सोबत नेतात, तेव्हा राहण्याची व्यवस्था मी डोळ्यांनी पाहून कळवीन. बाबा, आजोबा कोणत्या बटालियनमध्ये होते आणि कुठे कुठे राहिले, ते तुम्हाला आठवेल तसे लिहून पाठवा. तो विचारतो आहे आणि मला नीट सांगता येत नाही.

इंदोऱ्यातल्या सर्वांना जयभीम, लहानांना आशीर्वाद.

तुमची लेक